बाजारात अडकलेली बस

आमच्या ह्यांना डेपोत सगळे मखमल म्हणायचे. हे बस चालवायचे, आणि अशी चालवायचे की उभ्या माणसाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळू नये. नवा ड्रायव्हर भरती झाला की साहेब त्याला सांगायचे, आधी एक फेरी मखमलच्या गाडीत बसून ये, ब्रेक कशाशी खातात ते बघून ये. संध्याकाळच्या फेरीला निम्मी गाडी डुलक्या काढत असायची आणि ह्यांना त्याचाच केवढा अभिमान. झोपलेला प्रवासी म्हणजे आपल्याला मिळालेलं बक्षीस, म्हणायचे. घरात मात्र ह्या मखमलीचा मागमूस नाही. दार आपटतील, कपाट आपटतील, चमचा ताटात असा टाकतील की शेजारीण भिंतीपलीकडून कान टवकारेल. मी म्हणायचे, सगळी नाजूक चाल त्या बसला वाहिलीत, आमच्या वाट्याला नुसता खडखडाट. त्यावर हे हसायचे. हसून वेळ मारून न्यायची ही ह्यांची जुनी खोड.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला होते. पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलायला नव्हे, तेवढी माझी जीभ कुठली गोड. मागच्या खोलीत, दिव्याखाली बसून फ्रेममध्ये काचा बसवायला. आमचं दुकान ह्यांच्या रूटच्या शेवटच्या थांब्यासमोर. संध्याकाळी काम सुटलं की मी थांब्याच्या बाकावर बसायचे, ह्यांची गाडी यायची, आणि परतीच्या फेरीत मी पहिल्या सीटवर. लग्नाच्या आधीपासूनचा हा शिरस्ता. ओळखच मुळी तिथे झाली, आणि तीही भांडणातून. गाडीला उशीर झाला म्हणून मी एक दिवस ह्यांना भर थांब्यावर फैलावर घेतलं. तर दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडी वेळेच्या आधीच आणली, मी काही अजून दुकानातून निघाले नव्हते, आणि हे मी येईपर्यंत गाडी हलवायला तयार होईनात. प्रवाशांनी शिव्या घातल्या त्या कंडक्टरला. तो कंडक्टर म्हणजेच आमचे कंडक्टर भाऊजी. त्यांनी ही गोष्ट पुढे इतक्यांना सांगितली, की मला लग्नाला नाही म्हणायची सोयच उरली नाही.

भाऊजी ह्यांच्याच गाडीवर अनेक वर्षं होते. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी. सख्ख्या दिराने केलं नसतं एवढं त्या माणसाने आमच्यासाठी केलं, पण ते तोंडावर सांगायची सोय नाही, लगेच छाती फुगवतो.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची फेरी. पिठाच्या गिरणीच्या वळणावर ह्यांचा उजवा हात एकाएकी बधिर झाला. दुसरा कुणी असता तर गाडी खांबावर घातली असती. ह्यांनी एका डाव्या हाताने ती कडेला घेतली, ब्रेक असा दाबला की डुलक्या काढणारे डुलक्या काढतच राहिले, हँडब्रेक ओढला, आणि मग वळून भाऊजींना म्हणाले, मला जरा खाली उतरव. तोंड तेव्हा वाकडं झालं होतं, भाऊजी सांगतात. मी तिकडे बाकावर. गाडी येईना. दिवे लागले तरी येईना. आज आल्यावर ह्यांची चांगली हजेरी घ्यायची म्हणून मी मनात एकेक वाक्य जुळवत बसले होते. तेवढ्यात दुकानातली मुलगी धावत आली, फोन आलाय म्हणून.

दवाखान्यातून घरी आले ते आपल्या पायांनी, तेवढं नशीब. बोलणं सुधारलं, तोंड जागेवर आलं. उजव्या हाताची बोटं मात्र अजून थरथरतात. बस काही परत हाती आली नाही, यायची नव्हतीच.

आता डेपोतली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याची शेवटची फेरी असते. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले की कंडक्टर एक लांबलचक घंटी देतो. ड्रायव्हर आपली सीट सोडून उठतो, मागे जाऊन प्रवाशाच्या बाकावर बसतो, आणि दुसरा कुणीतरी गाडी डेपोत नेतो. आयुष्यभर तू लोकांना नेलंस, आज तुला कुणीतरी नेऊ दे, असा त्याचा अर्थ. निरोपाला द्यायचं भिंतीवरचं घड्याळ डेपोवाल्यांनी घरी आणून दिलं, शाल म्हणा, कागद म्हणा, सगळं घरपोच आलं. ती फेरी कशी आणून देणार? आणि ह्यांच्या मनात तेवढंच अडकून बसलं. जेवताना घास हातात धरून म्हणायचे, "माझी गाडी मधेच उभी आहे." मी म्हणायचे, अहो, ती कधीच कुणीतरी नेली, आता तर भंगारात निघाली असेल. मान हलवायचे. पटायचं नाही.

आमची लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तेव्हा तिचा कॉम्प्युटर इथेच राहिला. एका सुट्टीत ती आली ती बाबांसाठी एक खेळ घेऊन. बस चालवायचा खेळ. टेबलाला अडकवायचं एक स्टिअरिंग, खाली पायाशी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. मला वाटलं, हा माणूस तोंडदेखलं हो हो म्हणेल आणि टीव्ही लावून बसेल. पण लेकीने दाखवलं की ह्यात आपला रस्ता आपल्याला बनवताही येतो, आणि झालं, ह्यांना काम मिळालं.

दोन हिवाळे हे त्या खुर्चीवर ठाण मांडून होते. डाव्या हाताने माऊस धरायला शिकले. डेपो बनवला, शाळा बनवली, गिरणी, तिच्या पुढचा पूल. गतिरोधक कुठे आहे, कुठलं झाड वाकलेलं आहे, कुठल्या दुकानाच्या पाटीचं एक अक्षर पडलेलं आहे, सगळं. मध्येच मला हाक मारायचे, अगं, औषधाच्या दुकानाचं शटर हिरवं की निळं? मला काय ठाऊक, मी काय शटर बघत हिंडते? मग भाऊजींना फोन. भाऊजी सांगायचे निळं. मग दोघांची त्यावर अर्धा तास वादावादी. घरात आजारपण आहे हे मी त्या दिवसांत विसरून गेले, खरंच सांगते.

रस्ता पुरा झाला आणि हे फेरीला निघाले. डेपो गेला, शाळा गेली, गिरणीचं वळण आलं. तिथे मी श्वास धरला होता, ह्यांनी पण धरला असावा, पण वळण पार पडलं, पूल पार पडला. पुढे बाजार. आणि बाजाराच्या तोंडाशी गाडी जी उभी राहिली ती राहिली. चित्र गोठलं, माऊस हलेना, आतला पंखा विमानासारखा घोंघावायला लागला, आणि शेवटी सगळं काळंठिक्कर. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. दर वेळी तिथेच.

लेकीने फोनवर समजावलं. कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे कपाट, रस्ता तिथे अख्खा नीट ठेवलेला आहे. पण काम करताना लागणारी मेमरी म्हणजे टेबल. ते टेबल आहे लहान, आणि बाबांचा बाजार आहे केवढा. एकदम सगळा मांडायला गेलं की मावत नाही. मला लगेच कळलं, माझंही दुकानातलं टेबल तसंच होतं. ह्यावर उपाय दोन, ती म्हणाली. एक तर मेमरी वाढवा, नाहीतर बाजारातलं सामान कमी करा. थोडी दुकानं काढा, थोडी माणसं काढा, पळायला लागेल गाडी.

ह्यांनी एकदा प्रयत्न केला. चांभाराची टपरी काढली. काढली आणि त्या मोकळ्या जागेकडे बघत बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा टपरी परत जागेवर होती. म्हणाले, तो जन्मभर तिथे बसलाय, आता मी त्याला कुठे पाठवू? मेमरी वाढवायचं म्हटलं तर हे उघडायला घाबरायचे. हात थरथरतो, आतलं काही मोडलं तर दोन हिवाळे पाण्यात. असं करत गाडी बाजाराच्या तोंडाशी उभीच राहिली. हे रोज डेपोपासून पुलापर्यंत जायचे आणि बंद करायचे. मी काही बोलायचे नाही. न बोलणं मला किती जड जातं ते मलाच माहीत.

मग एक दिवस भाऊजी आले आणि नेहमीसारखे बडबडले नाहीत. चपला काढताना म्हणाले, पोरगा न्यायला येतोय, रविवारी. एकट्याने राहू नका म्हणतो, तिकडे खोली तयार ठेवलीय. गाव लांबचं. येणंजाणं म्हणजे आता फोनवरच. हे मग म्हणाले, "तू गेल्यावर घंटी कोण देणार?" भाऊजी खिडकीकडे बघायला लागले. दोन म्हातारे असे तोंड फिरवून बसलेले मला बघवेनात. मी म्हटलं, रविवार अजून लांब आहे, उद्या मी ती मेमरी आणते आणि मी बसवते. कुणी मला शिकवायला येऊ नका.

लेकीने सांगितल्याप्रमाणे मशीनच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून दुकानात नेला. दुकानदार त्या मेमरीच्या पट्टीला रॅम म्हणतो. त्याने फोटो बघून तोंड वेंगाडलं, म्हणाला, मशीन फार जुनं आहे, नवीनच घ्या. मी म्हटलं, माझा नवराही जुना आहे, तोही बदलून देता का? मग मुकाट्याने आतून पट्टी काढून दिली. बोटभर रुंद, हिरवी, कडेला सोनेरी दातांची ओळ. एवढ्याशा पट्टीसाठी एवढे दिवस घोडं अडलं होतं.

शनिवारी जेवणं उरकून आम्ही कामाला लागलो. लेकीने सगळं आधीच बजावून ठेवलं होतं. मशीन बंद करायचं, वायर भिंतीतून काढायची, हात लावण्याआधी लोखंडाला हात लावायचा म्हणजे अंगातली वीज निघून जाते. हे सगळं झाल्यावर मी माझे दुकानातले बारीक पेचकस काढले आणि बाजूचं झाकण उघडलं. आत धूळ म्हणजे काय विचारता. अख्खी सतरंजी झाली असती. भाऊजी म्हणाले, वहिनी, बाकी घर तर आरशासारखं ठेवता. मी म्हटलं, ह्याच्या आत झाडू मारायला मला कोणी बोलावलं होतं? ह्यांनी डाव्या हातात टॉर्च धरला होता आणि उजवा हात खिशात घातला होता, थरथर दिसू नये म्हणून.

जुन्या पट्टीशेजारी एक खाच रिकामीच होती. नवी पट्टी मी कडेने धरली, मधे बोट न लावता. हे मला कुणी शिकवायला नको, काच मी जन्मभर कडेनेच धरली. खालची खाच जुळवली, हलकेच दाबली, पट्टी उभी राहिली. माझं काम मला छान झालेलं दिसत होतं. झाकण उघडंच ठेवून वायर लावली, ह्यांनी बटण दाबलं.

पडदा काळा. आणि आतून आवाज आला, टीं टीं टीं. थोडं थांबून पुन्हा, टीं टीं टीं.

भाऊजींचा चेहरा उजळला. ते म्हणाले, अहो, तीन घंट्या. आता बसमध्ये एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि तीन म्हणजे गाडी भरली, आता कुणाला घेऊ नका. आमच्या ह्यांनी हयातभर त्या घंट्यांवर गाडी हाकलेली. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. दोघांचं एकमत झालं, नवी आणि जुनी मिळून जास्त झालं, मशीन भरलं, एकीला उतरवा. आणि मी, जी ह्या दोघांचं कधी काही ऐकत नाही, मी नेमकं त्या दिवशी ऐकलं. वायर काढली, जुनी पट्टी उपटली, नवी एकटी ठेवली. तीन घंट्या. मग नवी काढून जुनी परत घातली, म्हटलं निदान होतं तिथे तरी येऊ. तीन घंट्या.

आता मात्र होतं तेही गेलं. दोन हिवाळ्यांचं काम, ती वाकडी झाडं, ती पडलेल्या अक्षराची पाटी, चांभार, सगळं त्या काळ्या पडद्यामागे. आणि उद्या भाऊजी जाणार. ह्यांनी टॉर्च बंद करून टेबलावर ठेवला, आणि तो आपटला नाही. तेवढ्यानेच मला कळलं. नेहमी सगळं आपटणारा माणूस. म्हणाले, राहू दे, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. तू मोडलंस, असं म्हणाले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

मी स्वयंपाकघरात जाऊन लेकीला फोन लावला. आवाज चढवून बोलले, कारण रडू येत होतं. तिने पहिल्यांदा सांगितलं की रस्ता डिस्कवर आहे, त्याला काहीही झालेलं नाही, तो ह्या पट्टीत नसतोच. मग म्हणाली, तीन वेळा वाजतंय म्हणजे भरलं नाहीये, त्याला मेमरी सापडतच नाहीये. पट्टी बसली नाही नीट.

"बसवलीय," मी म्हटलं.

"टिक असा आवाज आला का, आई? दोन्ही टोकांना?"

टिक आवाज यायची मी वाट बघणार? आमच्या धंद्यात टिक आवाज आला की काच गेली. अख्खी नोकरी मी त्या आवाजाच्या अलीकडे थांबायला शिकण्यात घालवली. नवीन मुलींना मी हेच शिकवायचे, दाबताना कान द्या, टिक होण्याआधी हात उचला. आणि तेच मी तिन्ही वेळा केलं होतं. लेक हसायला लागली. म्हणाली, आई, ही काच नाही. दोन्ही अंगठे ठेव आणि टोकाचे चाप आपोआप मिटेपर्यंत दाब, जोर लागतो, घाबरू नकोस.

बाहेर आले. ह्यांना म्हटलं, टॉर्च धरा. भाऊजींना म्हटलं, तुमचं घंटीशास्त्र आता खिशात ठेवा. वायर काढलेली आहे ना ते बघितलं, लोखंडाला हात लावला, जुनी पट्टी खाचेत ठेवली आणि दाबायला लागले. हात पुढे जाईना. शपथेवर सांगते, अंगठ्यांनाच माहीत होतं कुठे थांबायचं, ते तिथे थांबले. मग मी डोळे मिटले आणि दाबलं. टिक. हे हळूच म्हणाले, "बसली." दुसरी पट्टी घेतली. टिक.

बटण दाबलं. एकच टीं. पडदा उजळला. मशीन सुरू व्हायला पूर्वी इतका वेळ लागायचा की मी तेवढ्यात भाजी निवडून घ्यायचे, आता मी खुर्ची ओढेपर्यंत तयार. लेकीने सांगितलेल्या ठिकाणी जाऊन आकडा बघितला, चार होते तिथे आठ झाले होते. जीव भांड्यात पडला. भाऊजी म्हणाले, मी म्हणतच होतो. ते काय म्हणत होते ते मी त्यांना थोडक्यात ऐकवलं.

भाऊजींनी पिशवीतून घंटी काढली. खरी घंटी, भंगारात निघालेल्या एका बसची, दोरीसकट. कुठून लांबवली ते विचारू नका. ती त्यांनी खिडकीच्या पडद्याच्या दांडीला बांधली आणि दोरी खोलीभर ताणून दुसरं टोक हातात घेतलं. आमचे हे आत जाऊन शर्ट बदलून आले. बसले, स्टिअरिंगवर डावा हात ठेवला, उजवा त्याच्यावर टेकवला. टिंग टिंग. गाडी डेपोतून निघाली.

शाळा गेली. थांब्याथांब्यावर भाऊजी एक घंटी देत होते, हे थांबत होते, दोन घंट्या, हे निघत होते. गिरणीचं वळण आलं तेव्हा भाऊजींनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि वळण संपल्यावर काढला. पूल गेला. बाजाराची कमान दिसायला लागली. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. गाडी कमानीत शिरली आणि चालतच राहिली. दोन्ही बाजूंनी दुकानं सरकत होती, निळ्या शटरचं औषधाचं दुकान सरकलं, फुलवाली सरकली, आपल्या टपरीत खाली मान घालून बसलेला चांभार आला आणि मागे गेला. पंख्याचा आवाजसुद्धा वाढला नाही. भाऊजी म्हणाले, बघा, जागा केली तर मावतात सगळे.

खेळातला बाजाराच्या पुढचा रस्ता मी कधी बघितला नव्हता. ह्यांनी बनवला होता, पण तिथे गाडी कधी पोचलीच नव्हती, आणि दाखवा म्हटलं तर दाखवत नव्हते. पुढे आमच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी दिसली. समोर थांबा. थांब्यावर बाक. आणि बाकावर एक बाई बसलेली, मांडीवर हिरवी पिशवी.

ती हिरवी पिशवी माझी. तिचा एक बंद तुटला होता, मी तिथे गाठ मारली होती. ती गाठसुद्धा होती.

ह्यांनी ब्रेक लावला. ती गाडी नकली, तो रस्ता नकली, पण ती थांबली अशी की कधी थांबली ते कळलं नाही. दार उघडलं. हे माझ्याकडे वळले नाहीत, पडद्याकडेच बघत होते.

"उशीर झाला गं जरा," म्हणाले.

मला रडू फुटलं. आवरायचा प्रयत्नही केला नाही, आपल्या घरात आपण रडायला कुणाची चोरी आहे. त्या संध्याकाळी बाकावर बसून मी जी वाक्यं जुळवली होती त्यातलं एकही आठवेना. शेवटी मी म्हटलं, मी एवढी जाड नव्हते तेव्हा. हे म्हणाले, त्या खेळात बायकांची दोनच मापं आहेत, दुसरं याहून मोठं आहे.

भाऊजींनी दोरी ओढली आणि ओढूनच धरली. लांबलचक घंटी. शेजारीण नक्की गॅलरीत आली असणार. घंटी थांबली तशी हे उठले. खुर्चीच्या मागे लेकीचा जुना दिवाण आहे, त्यावर जाऊन बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून, प्रवासी बसतो तसे. भाऊजी म्हणाले, उठा, मी नेतो डेपोत. ह्यांनी मान हलवली आणि हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

मी साधी सायकल कधी चालवली नाही. पण त्या खुर्चीत बसले, नाक पुसलं, स्टिअरिंग धरलं. टिंग टिंग. गाडी वळवताना दिव्याचा खांब आडवा केला. बाजारात फुलवालीच्या अंगावरून जवळजवळ गेलेच. दुसऱ्या कुणी अशी चालवली असती तर ह्यांनी त्याला गाडीतून खाली ओढला असता. मी आपली मागून आता काही शेरा येईल, मग काही येईल म्हणून मान आखडून बसले होते. काही आलं नाही. एकदाच म्हणाले, "चालकाशी बोलू नये, पाटी आहे गाडीत." आणि खिडकीबाहेर बघत बसले, आमच्या खऱ्या खिडकीबाहेर. चांभाराला मात्र मी वाचवला. तिथे अगदी जीव मुठीत धरून गाडी काढली.

पूल गेला, गिरणी गेली. हळूहळू मला अंदाज यायला लागला. भाऊजी थांबे सांगत होते, मी थांबत होते, कधी थांब्याच्या आधी, कधी नंतर. शाळेपाशी मी म्हटलं, बघा, जमतंय की नाही मला. उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर हे दिवाणावर मान भिंतीला टेकवून झोपले होते. उजवा हात मांडीवर होता आणि तो थरथरत नव्हता.

समोर डेपोचं फाटक आलं. भाऊजींनी दोरी धरली, पण ओढली नाही. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "वहिनी, ब्रेक हळू लावा."

मी हळू लावला.